टाक्यांचं सगळे विचारतात, मनाचं कोणी विचारत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत ऑपरेशनच्या नवनव्या पद्धतींवर लेख येतात ते मी आवर्जून वाचते, पण ऑपरेशन होऊन घरी आलेला माणूस पुढचे दीड-दोन महिने आतल्या आत काय सोसतो त्यावर फारसं कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. जमलं तर सगळं छापा, कारण हे मला कोणीतरी आधी सांगितलं असतं तर माझे किमान तीन आठवडे वेगळे गेले असते.

माझं पित्ताशय काढलं त्याला आता चौदा आठवडे होतील. दुर्बिणीतून करायचं ठरलेलं, पण आत सूज फार होती, सगळं एकमेकांना चिकटलेलं निघालं आणि टेबलावरच पोट उघडायचा निर्णय घ्यावा लागला. यात कोणाची चूक नाही, सही घेताना सर्जननी सांगितलं होतं असं होऊ शकतं म्हणून. पण ऐकणं वेगळं आणि भूल उतरल्यावर स्वतःचा हात पोटावर गेल्यावर चार छोट्या पट्ट्यांच्या जागी बरगडीखाली वीतभर लांब पट्टी हाताला लागणं वेगळं.

पहिले आठ-दहा दिवस बरे गेले म्हणायचे. दुखत होतंच, पण माणसं होती, फोन होते, मुलगी रजा टाकून आली होती, "ऑपरेशन नीट झालं" या आनंदात सगळं घर होतं आणि मी पण होते. मग अकराव्या दिवशी सकाळी केस विंचरताना माझ्या हातातून कंगवा पडला आणि पलंगाखाली गेला. मला वाकता येत नव्हतं. पायाने ओढून बघितला तर अजून आत सरकला. आणि मी पलंगावर बसून रडायला लागले, अशी की थांबेचना, रडताना पोट ओढलं जायचं, त्याने कळ यायची आणि कळ आली की अजून रडू यायचं. मुलगी धावत आली, "आई अगं काय झालं, दुखतंय का", मी म्हटलं नाही, कंगवा पडला. ती म्हणाली "अगं मग मी देते ना, कंगव्यासाठी कोण रडतं". तिचं काहीच चुकलं नाही. पण मला तिला सांगता येईना की मी कंगव्यासाठी रडत नाहीये, आणि कशासाठी रडतेय ते मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मला कशातच रस उरला नव्हता. पेपर नुसता मांडीवर असायचा. कोणी भेटायला येतंय म्हटलं की पोटात गोळा यायचा, आणि कोणी आलं नाही की वाटायचं बघा, विसरले सगळे. पहाटे साडेतीन-चारला जाग यायची आणि त्या वेळी दुखणं दिवसापेक्षा दुप्पट वाटायचं, आणि एकच विचार डोक्यात, की आपण आता पहिल्यासारख्या कधी होणारच नाही. यावर घरात, फोनवर सगळीकडून एकच वाक्य ऐकायला मिळायचं: "अगं पण आता तर सगळं झालं ना, आता कसलं टेन्शन". त्या वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला. कारण ते खरं होतं, सगळं झालेलं होतं, रिपोर्ट चांगले होते, म्हणजे मग रडतेय ती मीच नाटकी, मीच कृतघ्न, असंच मला वाटायला लागलं.

टाके काढायला गेले तेव्हा सर्जननी जखम बघितली, "मस्त भरलीये, एकदम छान" म्हणाले आणि आम्ही पाच मिनिटांत बाहेर. मी पण "बरी आहे" म्हणाले, म्हणजे माझंही चुकलंच. पुढच्या तपासणीला ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरनी पट्टी काढता काढता सहज विचारलं, "ताई, झोप लागते का? आणि मन कसंय?" बस, मला तिथेच हुंदका आला. त्यांनी हातातलं काम थांबवलं, स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खूप जणांचं असं होतं हो ताई, कोणी बोलत नाही इतकंच." त्यांच्या या एका वाक्याने माझ्या छातीवरचा दगड निम्मा उतरला, दुखणं तेवढंच होतं तरी.

नंतर मी आमच्या फॅमिली डॉक्टरांशी सविस्तर बोलले, थोडं वाचलं पण, आणि जे कळलं ते इथे लिहिते, कारण हे कळल्यावर माझी स्वतःवरची चीड कमी झाली. ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने मोठी जखमच. ती भरायला शरीर सूज आणतं, त्यात सायटोकाईन नावाचे पदार्थ रक्तात सुटतात आणि ते मेंदूपर्यंत निरोप पोचवतात. तापात कसं होतं बघा, खावंसं वाटत नाही, बोलावंसं वाटत नाही, पांघरूण घेऊन पडून राहावंसं वाटतं, तसलाच निरोप. म्हणजे मन उदास होण्यात शरीराचाच मोठा वाटा असतो, ते काही मनाचं दुबळेपण नाही. त्यात झोपेचं गणित बिघडतं, मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या काही रात्री स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशी होते आणि मग ती एकदम उसळून परत येते, म्हणून विचित्र भयानक स्वप्नं पडतात. मला रोज कोणीतरी दार वाजवतंय असं स्वप्न पडायचं आणि मी दचकून उठायचे, उठताना पोटाला हिसका बसायचा. रक्त कमी झालेलं असेल तर त्याने पण गळून गेल्यासारखं होतं, माझं हिमोग्लोबिन ९ वर आलं होतं आणि ते मी डॉक्टरांशी मनाबद्दल बोलले तेव्हाच तपासलं गेलं. काही जोरदार पेनकिलरने सुस्ती येते, पोट साफ होत नाही, आणि चार दिवस पोट साफ नसेल तर कुठल्याही माणसाचा मूड काय राहणार! हार्टच्या ऑपरेशननंतर तर ही उदासी इतकी नेहमीची आहे की डॉक्टर लोक तिच्यावर वेगळा अभ्यास करतात.

आता दुखण्याबद्दल, कारण दुखणं आणि मन हे दोन वेगळे कप्पे नाहीत हे मला फार उशिरा कळलं. दुखण्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांची एक जागतिक संघटना आहे, त्यांनी १९७९ मध्ये दुखण्याची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली, दोन्ही वेळेला त्यात असंच म्हटलंय की दुखणं हा शरीराचा आणि भावनेचा, असा दोन्हींचा अनुभव आहे. आणि २०२० च्या व्याख्येच्या टिपेत असंही आहे की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. हे वाचून मला खरंच बरं वाटलं. त्याच्याही आधी १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं होतं की मज्जारज्जूत एक दार असल्यासारखं असतं, दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना ते दार कमी-जास्त उघडतं, आणि मेंदूकडून खाली येणारे निरोप, म्हणजे भीती, काळजी, लक्ष कुठे आहे, हेसुद्धा ते दार उघडतात किंवा लोटतात. पहाटे चारला अंधारात, एकटीला, भीत भीत पडल्यावर दुखणं जास्त का वाटायचं ते मला इथे कळलं. ते "मनाचे खेळ" नव्हते, खरंच जास्त दुखत होतं.

माझी सगळ्यात मोठी चूक गोळ्यांची. आपल्याकडे काय, गोळी न घेता सहन करणारा तो खंबीर. मी पेनकिलर टाळायला लागले, सवय लागेल या भीतीने. झालं काय, दुखतंय म्हणून मी श्वास वरच्यावर घ्यायला लागले, खोकला दाबायला लागले, उठणं टाळायला लागले, तर छातीत कफ साठला, कणकण आली आणि त्या चार दिवसांत मनाने तर अगदी तळ गाठला. डॉक्टर रागावले. म्हणाले, सुरुवातीच्या दिवसांत गोळी वेळेवर घ्यायची, कळ डोक्यात गेल्यावर नाही, कारण दुखणं आटोक्यात असेल तरच तुम्ही खोल श्वास घेणार, चालणार आणि झोपणार, गोळी त्यासाठी आहे. मग हळूहळू ती कमी कशी करायची ते पण लिहून दिलं. एक मात्र सांभाळा, पॅरासिटामॉल लिहून दिलेली असेल तर सर्दी-तापाची दुसरी कुठली गोळी मनानेच घेऊ नका, त्यात पण बऱ्याचदा पॅरासिटामॉलच असते आणि दोन्हीची बेरीज लिव्हरला भारी पडते. मोठ्या धडधाकट माणसालासुद्धा २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि काहींना तर त्याहून कमी. आणि ज्यांची आधीपासून डिप्रेशनची औषधं चालू आहेत त्यांनी ती ऑपरेशनमुळे परस्पर बंद करू नयेत आणि सर्जनपासून लपवू तर अजिबात नये, कारण ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर त्यातल्या काही औषधांबरोबर चालत नाही. लोक लाजेखातर सांगत नाहीत हो, मी बघितलंय.

उठायचं कसं हे पण मला तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी नीट शिकवलं. मी सरळ पाठीवरून उठायला जायचे आणि किंचाळायचे. आधी गुडघे दुमडायचे, मग अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि कोपर-हाताच्या जोराने वर यायचं, पोटाला काही करू द्यायचंच नाही. खोकताना, शिंकताना, हसताना उशी पोटाशी घट्ट धरायची. इतकी साधी गोष्ट, पण ज्या दिवशी मी कोणाला हाक न मारता पलंगावरून उठले त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्या गोळीने वाटलं नसतं. पडून राहून हुरूप येत नाही. हे डॉक्टर लोकांनीही बदलत आणलंय, डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट या सर्जननी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की दुखणं नीट आवरलं, माणसाला लवकर उठवलं आणि लवकर खायला दिलं तर तो लवकर सावरतो. आधीच्या काळी लोकांना दिवसचे दिवस झोपवूनच ठेवायचे.

मी रोज खिडकीपर्यंत जायला लागले. पहिल्या दिवशी पलंग ते खिडकी चौदा पावलं, मध्ये एकदा भिंतीला टेकून. खिडकीपाशी खुर्ची ठेवली होती तिथे बसायचं आणि समोरच्या झाडाकडे बघायचं, दुसरं काही नाही. याचा संबंध मला नंतर एका जुन्या अभ्यासात सापडला आणि अंगावर काटा आला, कारण तो अभ्यास नेमका पित्ताशयाच्या पेशंटवरच झालेला. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला होता, ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. एवढ्याशा आकड्यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, तरी माझी खुर्ची मी तिथून हलवली नाही.

आणि उलट्या बाजूचं पण आहे. १९९८ मध्ये ११ डेंटलच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, त्यांच्या टाळूला एक छोटीशी जखम सुट्टीत केली आणि तशीच एक परीक्षेच्या तोंडावर, तर परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. म्हणजे मनावरचा ताण जखमेपर्यंत पोचतो. मग टाक्यांची एवढी काळजी करणाऱ्यांनी मनाचं एकदाही विचारू नये हे मला पटत नाही, अगदी टाक्यांच्या भल्यासाठी म्हणून तरी विचारा.

मुलीने एक वही केली होती, ती फार कामाला आली. त्यात ० ते १० मध्ये किती दुखतंय ते सकाळ-संध्याकाळ लिहायचं, शेजारी रात्री किती तास झोप झाली आणि किती पावलं चालले. मला रोज वाटायचं काहीच फरक नाही. तिने तीन आठवड्यांनी पानं उलटून दाखवली तेव्हा दिसलं, सुरुवातीला उठताना ८ लिहिलेलं होतं आणि आता ४. उदास मनाला स्वतःची प्रगती दिसत नाही, ती कागदावर असावी लागते. त्या वहीतून अजून एक दिसलं, ज्या रात्री झोप मोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुखण्याचा आकडा हमखास वर. मग डॉक्टरांनी आधी झोपेकडे लक्ष दिलं.

पण सगळंच मनावर ढकलू नका हेही तितक्याच कळकळीने सांगते. दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, ताप आला, जखम लाल होऊन पाणी किंवा पू यायला लागला, डोळे पिवळे दिसले, एका पोटरीला सूज येऊन दुखायला लागली, धाप लागली, तर ते उदासीचं लक्षण नाही, ताबडतोब दाखवायचं. आणि वयस्कर माणूस ऑपरेशननंतर एकदम असंबद्ध बोलायला लागला, रात्री माणसं ओळखेना, सकाळी ठीक आणि संध्याकाळी परत तसंच, तर तेही वेगळं, त्याला भ्रम (डिलिरियम) म्हणतात, ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. माझ्या सासऱ्यांना झालं होतं, आम्ही "वयामुळे" म्हणून दोन दिवस घालवले. चष्मा आणि कानाचं मशीन परत लावलं, दिवसा पडदे उघडे ठेवले, ओळखीचं माणूस जवळ बसलं की पुष्कळ फरक पडतो.

जखमेच्या आसपास बधिर वाटणं, मधूनच वीज चमकल्यासारखं होणं याला मी फार घाबरले होते. कापलेल्या बारीक नसा परत वाढतात त्या दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम तीन सेंटिमीटर. आणि वरून भरलेली जखम तीन महिन्यांनीसुद्धा मूळच्या कातडीच्या साधारण ८० टक्केच मजबूत असते. हे आकडे ऐकून मला निराश नाही वाटलं, उलट हायसं वाटलं, की मी मागे पडलेली नाहीये, हा असाच वेळ लागतो. तीन महिन्यांच्या पुढेही दुखणं राहिलं तर मात्र त्याला डॉक्टरी भाषेत वेगळं नाव आणि वेगळे उपाय आहेत, अंगावर काढायचं नाही.

आता माझं मागणं. हॉस्पिटलने दिलेल्या माझ्या डिस्चार्ज कार्डावर जखम ओली करू नका, वजन उचलू नका, पथ्य काय, गोळ्या कधी, सगळं होतं. त्यात दोन ओळींची भर घाला असं मी सगळ्या डॉक्टरांना तुमच्या पेपरातून हात जोडून सांगते. पहिली ओळ, पहिल्या काही आठवड्यांत रडू येणं, उदास वाटणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. दुसरी ओळ, दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास किंवा हताश असेल, किंवा कशातच रस वाटत नसेल, तर आम्हाला सांगा. हे मी माझ्या मनाने सांगत नाही, डिप्रेशन चाचपायला डॉक्टर जे दोन प्रश्न वापरतात ते हेच आहेत. आणि जगूच नये असं मनात आलं तर दोन आठवडे काय, दोन तास पण थांबायचं नाही, शेजारच्या माणसाला सांगायचं आणि डॉक्टर गाठायचा. माझ्या मनात पण एकदा पहाटे तसं काहीतरी येऊन गेलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. मला पुढे चार वेळा समुपदेशकाकडे जाऊन बरं वाटलं, गोळ्या लागल्या नाहीत, पण लागल्या असत्या तर घेतल्या असत्या, रक्तवाढीच्या घेतल्या तशाच.

आणि घरच्यांना एवढंच, "आता तर सगळं झालं ना" हे नका म्हणू. काय म्हणायचं ते सुचत नसेल तर काही म्हणू नका, शेजारी बसा. माझे यजमान फार बोलणारे नाहीत, त्यांनी एक केलं, पहाटे मला जाग आली की ते पण उठून बसायचे, दिवा लावायचे आणि मला हळूहळू खिडकीपर्यंत नेऊन आणायचे. दहा मिनिटं. एक शब्द नाही. महिनाभर केलं त्यांनी ते.

अजूनही उजवीकडे वळून झोपलं की ओढ बसते, जास्त वेळ बसलं की आत कुठेतरी ताण येतो, आणि मध्येच एखादा दिवस तसाच जड उगवतो पण आता तो संध्याकाळपर्यंत जातो. हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले, रोज थोडं थोडं, खिडकीपाशी बसून.

आपली,
एक नियमित वाचक